साठवलेली सकाळ

पहिला पोट्टा पडला तेव्हा रसिकाताईनं माहा हात असा दाबला की नखं रुतली. दुसरा पडला तेव्हा तिनं श्वास सोडला. तिसऱ्याच्या वेळी तर मले कानात म्हणते, "हा बी पडन नं वं, चैते?"

"पडन. गप बस."

पडला म्हणजे खुर्चीवरून नाई. नागपूरच्या त्या हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा होता. त्याच्यावर त्या पोट्ट्याचं विमान मोरदरीच्या कड्याले धडकलं, धावपट्टीच्या जराशी खाली. पडदा लाल झाला. पोट्ट्यानं हेडफोन काढला आन ओशाळून इकडंतिकडं पाहिलं. चौकशी समितीची बाई म्हणाली, "पुढचा."

भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते. प्रफुल्ल खंडारे, माह्या ताईचा नवरा. हात गळ्यात अडकवलेला. ते पडद्याकडं पाहतच नव्हते, बुटाकडं पाहून राहिले होते.

भाऊजी दवा-विमान उडवायचे. बॅटरीवरचं लहानसं विमान. परतवाड्यावरून मेळघाटच्या पठारावर जायचं, नर्सले न्यायचं, पेशंटले खाली आणायचं. थंडीतल्या एका सकाळी मोरदरीवरून फोन आला, बाई बाळंतपणात अडली आहे म्हणून. भाऊजी मुन्नी सिस्टरले घेऊन निघाले. मुन्नी बेठेकर, कोरकू होती, डोंगरातलीच, सगळ्या गावांत तिची ओळख. विमान कड्याले लागलं. भाऊजी वाचले. सिस्टर नाई.

कंपनी म्हणे पायलटची चूक. भाऊजी एकच वाक्य बोलत होते, "हवेनं खाली दाबलं."

आता हवेनं दाबलं का माणसानं हे पहिले कोणी सांगू शकत नव्हतं. आता सांगतात. त्याच्यासाठीच हे दहा पोट्टे बोलावले होते.

झेप नावाचा गेम आहे. मी दहावीत शाळा सोडली ती काही त्याच्यासाठी नाई सोडली, पण सोडल्यावर तेवढंच उरलं. हजारो लोक एकाच आभाळात विमानं उडवतात, एकमेकाले दिसतात, बोलतात, शिव्या देतात. आन त्याच्यातली हवा खरी असते. प्रत्येक मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजायची चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी. फोन खिशात असला तरी ती मोजत राहते. टॉवरचा सिग्नल पावसानं पातळ होते, त्याच्यावरून पाऊस कळते. छतावरच्या सोलर प्लेटा ढगाची सावली सांगतात. मेळघाटात फोन कमी, पण दवा-विमानासाठी खांबाखांबावर हवा मोजायची यंत्रं लावलेली आहेत. हे सगळं गोळा करून कॉम्प्युटर आभाळाचे डबे पाडते, एका खोलीएवढे, आन प्रत्येक डब्यात वारा कुठून कुठं चालला ते भरते. म्हणजे माह्या गच्चीवरची चादर उडाली की झेपमधल्या माह्या विमानाचा पंख बी तेव्हाच उचलते.

ही हवा फेकून देत नाईत. साठवतात. कोणत्याही दिवसाची, कोणत्याही तासाची हवा पुन्हा लावता येते.

त्यातून ही कसोटी निघाली. विमान पडलं की त्या वेळची हवा लावायची. त्या धावपट्टीवर ज्यायनं सगळ्यात जास्त वेळा विमान उतरवलं अशे दहा जण झेपमधून निवडायचे. खरे पायलट नकोत, ते एकमेकाले सांभाळून घेतात. मशीन बी नको, मशीनले भीती नसते. दहापैकी सात उतरले नाईत तर पायलट सुटला. दहा सरावलेल्या हातांले जमलं नाई, तर त्याले कसं जमन?

मी त्या दहात नव्हती. नातेवाईक चालत नाईत. पण ते दहाच्या दहा माह्या ओळखीचे. आमची गँगच होती ती. परतवाडा, अचलपूर, धारणी, दोन अकोल्याचे. मोरदरी आमचा अड्डा होता.

नऊ पडले. दहावी धारणीची पोट्टी होती, ती कड्यापाशी घाबरून परत फिरली. समितीनं लिहिलं, उतरली नाई.

ताई हॉलमध्येच रडली. भाऊजी उठले, त्या दहा जणांपाशी गेले आन एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. एक पोट्टा म्हणे, "काका, सॉरी, आम्ही लय ट्राय केलं."

"सॉरी काऊन म्हणतं बे," भाऊजी म्हणाले. "तू पडला म्हणून मी उभा आहे."

*

घरी आल्यावर महिनाभर बरं चाललं. भाऊजी झोपायले लागले. कंपनीनं फोन केला, हात बरा झाला की या. ताईनं त्यायच्या युनिफॉर्मची बटनं नवीन लावली.

मले मात्र एका माणसानं डोक्यात घातलं. झेपवरच कोणी पुण्याचा, त्यानं लिहिलं, "तुझा दाजी डुलकी घेत असेल, आणि दहा पोरं तुझीच." माहं टाळकं सरकलं. मी त्या सकाळची हवा मागवली, कसोटी झाल्यावर ती सगळ्याले खुली असते, आन एक खोली उघडली. नाव दिलं, मोरदरी सकाळ. खाली लिहिलं, ज्याच्यात दम आहे त्यानं उतरवून दाखवावं.

लोक यायले लागले. पुण्याचा तो बी आला. पडला. मी त्याले असं काही बोलली की त्यानं मले ब्लॉक केलं. शेकडो आले. पडले. मले दर वेळी बरं वाटे. कोणी कड्यावर आपटलं की मी चहाचा घोट घेई.

मंग एक दिवस एक बाई आली. पेरूची, डोंगरातल्या कोणत्या गावची. झेपमध्ये कोणी कोणत्याही भाषेत बोललं तरी आपल्याले मराठीत ऐकू येते, पण मशीनची मराठी बातम्या वाचल्यासारखी असते.

"नमस्कार," ती म्हणाली. "आपण सर्वजण इतक्या खालून का येता?"

"मावशी, मोरदरीले असंच येतात. दरीतून खालून यायचं. कडा आला की हवा उचलते आन पट्टीवर नेऊन ठेवते. पाळणा म्हणतो आम्ही त्याले."

पाळणा माहा शोध होता, आमचं पाहून पाहून मोरदरीले सगळेच तसे यायले लागले होते. दरीतून येणारा वारा कड्याले आपटते आन वर चढते. त्याच्यावर विमान सोडून द्यायचं. पट्टी कड्यापासून वर चढत जाते, म्हणून ब्रेक बी लागत नाईत. बॅटरी वाचते. भाऊजी सुटीच्या दिवशी दुपारी माह्या शेजारी बसून झेप खेळायचे. त्यायले इतका आवडला की ते खऱ्या विमानात बी पाळण्यानं जायले लागले. दोन वर्षं गेले. कंपनीनं बॅटरी वाचवते म्हणून कौतुक केलं.

"सकाळी तो पाळणा नसतो," पेरूची बाई म्हणाली. "रात्रभर पठार थंड होते. सकाळी थंड हवा जड होऊन कड्यावरून दरीत ओघळते. कड्यापाशी ती खाली ओढते. दररोज."

"तुले काय माहीत? तू कधी आली मोरदरीले?"

"आपली सकाळ म्हणजे माझी रात्र. जेवण आटोपून मी येथे येते. येथे कधीच कोणी नसते. मला वाटले, या भागात कोणी विमान उडवतच नाही."

मंग ती उंचावरून आली. इतकी उंच की मी मनात म्हटलं, गेली ही पट्टीच्या पार. कडा खूप खाली राहू दिला. नाक वाकवलं, तिरपी उतरली, पट्टीच्या मधात टेकली. समोरून वारा, वर चढणारी पट्टी. विमान आपोआप थांबलं. पुढं पट्टी उरली होती.

"सोपे आहे," ती म्हणाली. "फक्त कड्याच्या जवळ जायचे नाही."

मी झेप बंद केलं. हेडफोन असा फेकला की त्याची एक बाजू तुटली.

*

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून सकाळी उठली. आईले वाटलं ताप आला. मी झेप लावलं, साठवलेली हवा नाई, त्या सकाळचीच ताजी. मोरदरीवर मी एकटी. एक माणूस नाई आभाळात. पाळण्यानं गेली. कड्यापाशी विमान असं खाली गेलं जसं कोणी दोरी सोडली. पडली. मंग उंचावरून गेली. उतरली.

मंग कळलं. आम्ही दहा-अकरा जण हजारो वेळा मोरदरीले उतरलो होतो, पण आमच्यापैकी एक बी पोट्टा कधी अकराच्या आधी अंथरुणातून उठत नाई. शाळा सोडलेले, नाईतर कॉलेजले दांड्या मारणारे. झेपची हवा ताजी असते, म्हणून आम्ही उठू तीच हवा आम्हाले भेटायची. दुपारची. ऊन खाल्लेली, वर चढणारी. सकाळ आम्ही पाहिलीच नव्हती. सगळे एकमेकापासून शिकलो, आन एकमेकासारखेच पडलो. समितीले वाटलं ही हवा माणसाच्या हातची नाई. ती हवा आमच्या झोपेच्या बाहेरची होती, एवढंच.

आन भाऊजी दोन वर्षं दुपारीच जात होते. दुपारचीच ड्युटी होती त्यायची. त्या सकाळचा पायलट सुटीवर होता म्हणून ते गेले होते.

मी ताईकडं गेली. ती भाकरी थापून राहिली होती. मी सगळं सांगितलं. तिनं तवा उतरवला, गॅस बंद केला.

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाई."

"मंग नको सांगू."

"ताई, सोमवारपासून त्यायले सकाळची ड्युटी आहे नं?"

"हो. कंपनीनं दिली. दुपारी ऊन लागते म्हणून यायनंच मागितली."

"मंग ते पुन्हा पाळण्यानंच जातीन. पुन्हा नर्स बसन बाजूले."

"कंपनीले सांग. यायले नको सांगू."

"कंपनी त्यायलेच बोलावून सांगीन नं. तेव्हा काय कान बंद करशीन त्यायचे?"

ताईनं पिठाच्या हातानं माहं मनगट धरलं. "चैते, हा माणूस दोन महिने भिंतीकडं तोंड करून बसला होता. तू रोज नव्हती इथं. मी होती. ते झोपेत मुन्नी, मुन्नी करायचे. आता बंद झालं. का, तर त्यायले वाटते हवा होती. तू त्यायले सांगशीन की हवा नव्हती, तुम्हीच होते. मंग मी काय करू? सांग. मी काय करू?"

मी मनगट सोडवलं. राग येऊन राहिला होता, आन कोणावर काढावं ते समजत नव्हतं. मी तशीच घरी आली.

*

रविवारी दुपारी भाऊजी स्वतःच आले. हाताची पट्टी निघाली होती. खुशीत होते.

"काय चैताली मॅडम, सरकार जागं आहे का? चला, एक चक्कर मारू. हात आखडला माहा. उद्या ड्युटी आहे."

मी दुसरी खुर्ची लावली. त्यायनं स्टिक हातात घेतली, बोटं उघडमीट केली. "उद्या पहिल्याच फेरीत पाळणा घेतो पाय. लोकांले वाटते खंडारे घाबरला."

असं एकदम सांगायचं नव्हतं मले. सकाळपासून मी ठरवत होती की कसं सांगावं, हळू सांगावं, ताईले बाजूले बसवावं. ते सगळं गेलं.

"सकाळी पाळणा नसते, भाऊजी."

"म्हणजे?"

"सकाळी हवा खाली ओघळते. रोज. उंचावरून यायचं, मधात टेकायचं. उतरते."

ते माह्याकडं पाहत राहिले. तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं.

"त्या दिवशीची हवा आहे?"

"आहे."

"लाव."

"भाऊजी, राहू द्या नं वो."

"लाव म्हटलं नं."

मी लावली. परतवाड्याची पट्टी, धुकं, कोवळं ऊन. भाऊजी उडाले. मोरदरीची दरी आली. माह्या मनात एकच होतं, पडा. देवा, यायले पडू दे. पडले तर मी म्हणीन, पाहा, मी तर नुसती बडबडली, नाई उतरत.

ते उंच राहिले. कडा खाली गेला. नाक वाकवलं. पट्टीच्या मधात टेकले, इतके अलगद की चाकाचा आवाज बी आला नाई. थांबले.

पहिल्याच वेळी.

"अजून पट्टी उरली," भाऊजी म्हणाले.

पडद्यावर पट्टीच्या बाजूले वाऱ्याचा मोजा होता, लाल-पांढरा, खांबावरचा. तो दरीकडं शेपूट करून फुगला होता. भाऊजींनं बोट लावलं त्याले.

"हा मी पाहिला होता. त्या दिवशी. उलटा होता. सिस्टरनं बी पाहिला. ती म्हणे, साहेब, आज झेंडा उलटा कसा? मी म्हटलं, दोरी अडकली असन." त्यायनं स्टिक हळूच सोडली. "दोन वर्षं एकाच बाजूनं पाहिला होता नं त्याले."

मी म्हटलं, "तुम्हाले एकदाच भेटली ती हवा. आम्हाले हजार वेळा मिळते."

"उतरायले मले आत्ता बी एकदाच लागली, चैताली."

ते उठले. चप्पल घालताना त्यायचा पाय दोनदा चुकला. दारातून मागं वळून म्हणाले, "ती पोट्टी जी परत फिरली नं, दहावी. तिले सांग, ती बरोबर होती."

*

सोमवारी ते गेले नाईत. मी कंपनीले सगळं पाठवलं, पेरूच्या बाईचं उतरणं बी. त्यायनं नियम केला, सकाळच्या फेऱ्यांनी उंचावरून यायचं, कड्याच्या जवळ जायचं नाई. माह्या मेलले उत्तर आलं, आभारी आहोत, आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे. नवीन पायलट जाते आता. रोज नीट उतरते. चांगली गोष्ट आहे. मले माहीत आहे चांगली आहे.

कसोटीचा निकाल काही बदलला नाई. कागदावर भाऊजी सुटलेलेच आहेत. ते मुन्नी सिस्टरच्या घरी गेले होते, तिच्या मायले सांगायले. काय बोलणं झालं ते त्यायनं कोणाले सांगितलं नाई. ताई मले सांगत नाई कारण ताई माह्याशी बोलतच नाई. रस्त्यात भेटली तर रस्ता बदलत नाई, नुसती पाहते, जशी मी दुकानाची पाटी आहे.

भाऊजींनं घरी झेप लावून घेतलं. हे मले आईकडून कळलं. "आता तरी तुह्यासंग खेळतीन," आई म्हणाली. मी सगळीकडं शोधलं, दुपारी, संध्याकाळी. गँगमधल्या कोणालेच ते दिसले नाईत.

मंग मी पुन्हा सकाळी उठली. माह्याच खोलीत होते ते. मोरदरी सकाळ. मी ती उघडी ठेवून विसरली होती. आता तिथं कोणी येत नाई, लोकांले उतरणं समजलं तेव्हापासून मजा गेली.

मी परतवाड्यावरून उडाली आन मागं मागं गेली. ते उंचावरून गेले. कडा खाली सोडला. मधात टेकले. मी बी उतरली, त्यायच्या विमानाच्या बाजूले माहं उभं केलं. झेपमध्ये विमानं जवळ आली की चालू माइक ऐकू येते.

"पोचलो, सिस्टर," भाऊजी म्हणून राहिले होते. आवाज रोजच्यासारखा, ड्युटीवरचा. "पट्टा नका सोडू अजून. पंखा थांबू द्या. हां. आता उतरा. बॅग मी देतो."

झेपमध्ये एका विमानात दोघांले बसता येते. दुसऱ्याच्या विमानापाशी जाऊन बटन दाबलं की आपण त्याच्या बाजूच्या सीटवर. मले वाटलं बाजूले बसावं. काही बोलायचं नाई, नुसतं बसावं. मी बटन दाबलं.

पडद्यावर आलं, ही जागा भरलेली आहे.

खोलीत दोनच नावं होते. त्यायचं आन माहं. ती जागा त्यायनं स्वतः अडवून ठेवली होती.

"भाऊजी," मी म्हटलं.

माइक बंद झाला.

साठवलेली हवा तासभराचीच आहे. तो तास संपला आन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. धुकं पुन्हा आलं, ऊन पुन्हा कोवळं झालं, आन आम्ही दोघं परतवाड्याच्या पट्टीवर, तोंडं डोंगराकडं करून. त्यायचा पंखा फिरायले लागला. मोरदरीची ती बाई अजून अडलेली होती. मी माहं विमान त्यायच्या मागं लावलं, ते उडेपर्यंत थांबली, आन मंग उडाली.